वहीची मागची बाजू

९ मार्च

सुनेने आज वही आणून दिली. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. म्हणाली, "आई, रोज सकाळी खुर्चीत बसून देवाशी जे भांडता ना, ते यात लिहा. दर रविवारी मी टाइप करून टाकीन." कुठे टाकणार, तर ब्लॉगवर. नात सुटीत आली होती तेव्हा तिने तो करून ठेवला, 'आजीची खुर्ची' असं नाव दिलं आणि वसतिगृहात निघून गेली. घोड्यावर बसवलं आणि लगाम सुनेच्या हातात देऊन पळाली.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्यापुढे सत्तावीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री. चादरींबद्दल माझं मत कधी कुणी विचारलं नाही, आता देवाबद्दल विचारतायत.

तर वहीच्या पुढच्या बाजूने ब्लॉगचं लिहायचं. आणि वही उलटी करून मागून हे, माझं मला. इथे कुणाचं काम नाही. सून दुसऱ्याच्या गोष्टीत नाक खुपसत नाही, तेवढा एक गुण आहे. बाकी बाई म्हणजे बंद कपाट. औषधांच्या दुकानात दिवसभर काउंटरवर उभी राहते, तिथे गिऱ्हाइकांशी बोलत असेल, घरी येईपर्यंत शब्द संपलेले असतात.

माझ्या खिडकीची कडी बसत नाही. खुर्चीत बसलं की मानेवर वारा येतो. सांगायचं कुणाला? मुलाला सांगितलं तर "बघतो" म्हणेल, आणि बघतच राहील. राहू दे.

१८ मार्च

पहिला लेख लागला. वाचणारे अकरा, त्यातले नऊ घरचे आणि एक बहुतेक चुकून आलेला.

सकाळी सुतार दारात उभा. म्हणे, "इथून चाललो होतो, म्हटलं खिडक्या बघून जावं." सत्तर वर्षांत असा सुतार पाहिला नाही. बोलावून दमलं तरी न येणारी जात ही. कडी बसवली, वर घासून तेलही घातलं, तोंडाने शिट्टी चालूच. मी विचारलं, "कुणी पाठवलं?" तर म्हणाला, "आजी, तुमचं काम झालं ना?"

मी खिडकीचं घरात कुणाजवळ बोलले नव्हते. खुर्चीत बसून देवाजवळ कुरकुर केली होती, तेवढीच.

३० मार्च

सुतारावर लेख लिहिला. वाचणारे दीडशे. नातीचा फोन आला, "आजी, तू हिट झालीस." मी म्हटलं, "हिट म्हणजे तापले ना? ती मी रोजच असते."

एक बाई दर आठवड्याला लिहिते. नाव देत नाही, 'शिलाईवाली' म्हणून सही करते. एकटी राहते, घरातच शिवणकाम. म्हणते, "आजी, तुमचं वाचलं की दिवसभर मशीन हलकं चालतं." मशीनला तेल घाल म्हणावं. पण बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

चहात साखर फार असते. सून हातचं राखून बोलते, पण साखर घालताना राखत नाही.

४ एप्रिल

चहा बरा होता. कालही बरा होता.

११ मे

दोन महिने कोरडा खोकला. रक्तदाबाची नवी गोळी सुरू केल्यापासूनचा. बरगड्या दुखतात. डॉक्टरला सांगितलं की तो आणखी दोन गोळ्या लिहील, हे मला पाठ आहे.

आज ठरवलं, बंद. सुनेला सांगितलं, "आतापासून माझ्या गोळ्या मी घेत जाईन, मी काही कुक्कुलं बाळ नाही." दोन महिन्यांची पाकिटं तिने निमूट माझ्या हातात दिली. ती सोडवून सगळ्या गोळ्या बटणांच्या डब्यात टाकल्या. पांढऱ्या गोळ्या, पांढरी बटणं, कुणाच्या बापाला कळणार नाही.

देवाला सांगितलं, हे आता तुझ्याकडे. खिडकी केलीस ना, हेही कर.

१९ मे

सुनेला नवीन वेड लागलंय. संध्याकाळी दुकानातून आली की मला कपभर दूध. आणि कप रिकामा होईपर्यंत समोर उभी, जेलर असल्यासारखी. मी म्हटलं, "कडवट लागतंय." म्हणाली, "दूधवाला बदललाय, आई." दूधवाला बदलून दूध कडू होतं हे आजच कळलं. बाकी काम सांगितलं तर विसरते, दूध मात्र एक दिवस चुकलं नाही.

गोळ्यांचं एका शब्दाने विचारलं नाही तिने. घेते की नाही, मेले की जिवंत. बघा किती काळजी.

८ जून

खोकला गेला. साफ. चार रात्री सलग झोपले.

काल डॉक्टरकडे सून घेऊन गेली. त्याने पट्टा बांधला, फुस्स फुस्स केलं, आणि म्हणाला, "अगदी छान. गोळी लागू पडलेली दिसते. चालू ठेवा." मी मनात इतकी हसले की पट्टा हलला. सुनेकडे पाहिलं, तर ती भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती. औषध कंपनीचं कॅलेंडर, त्यात वाचण्यासारखं ते काय.

कुठली गोळी आणि काय! महिना झाला, एक गोळी जिभेला लागलेली नाही.

१५ जून

आज घरात भांडण.

गोळी सोडल्याचा लेख लिहिला. छान उतरला होता. खोकला, बटणांचा डबा, डॉक्टरचं तोंड, सगळं. सुनेने वाचला आणि वही मिटून टेबलावर ठेवली.

"आई, हे नको टाकायला."

"का? खोटं आहे?"

तिने वहीचा कोपरा सरळ केला.

"डॉक्टरने काय सांगितलं ते तुझ्यासमोर सांगितलं ना?"

"लोक वाचतात आई. कुणी खरंच सोडतील."

"सोडू देत. देव काय माझा एकटीचा आहे?"

"आई, तुमचं वेगळं आहे."

"काय वेगळं आहे? सांग तरी."

तर डोळ्यांत पाणी आणून उभी. माझ्या घरात रडून जिंकायची पद्धत नाही. मी म्हटलं, "लिहिणं माझं काम, टाइप करणं तुझं. जमत नसेल तर सांग, नातीला सांगते." मुलगा तेवढ्यात आत डोकावला आणि डोकावला तसा परत गेला.

रात्री उशिरा बसून तिने टाकला लेख.

१७ जून

नातीने फोनवर वाचून दाखवला. शेवटी एक ओळ होती, मी न लिहिलेली. 'डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणीही औषध बंद करू नये.' औषधाच्या डबीवरची चिठ्ठी जशी. माझ्या देवाला हिने चिठ्ठी चिकटवली!

नातीला सांगितलं, काढ. ती म्हणाली, "आजी, असू दे ना, काय बिघडतं?" मी म्हटलं, "माझं नाव असलेल्या लेखात माझेच शब्द." काढली.

२९ जून

वाचणारे आठशेच्या वर. सून आकडा सांगते तेव्हा कुणी वारल्याची बातमी सांगावी तशी सांगते. शिलाईवालीने लिहिलंय: "आजी, तुमचं वाचून मीही कालपासून रक्तदाबाची गोळी सोडली. तुमच्यासारखीच. देवाकडे सोपवलं."

वाचून छाती फुगली माझी. इथे लपवून काय करू.

३ सप्टेंबर

कंटाळा आलाय. दर आठवड्याला देवाबद्दल नवीन काय सांगायचं? आम्ही दोघं काही रोज नवीन बोलत नाही. सकाळी खुर्चीत बसते आणि दहा मिनिटं नुसती बसून राहते. तो काही बोलत नाही, मीही नाही. लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर आमचे हे आणि मी जसे बसायचो, तसं. पण लेखात असं लिहिता येत नाही. लोकांना गोड लागतं. मग जुनंच पुन्हा इस्त्री करून घडी घालून देते.

खुर्चीची गादी बसलीय. पाठ भरून येते.

शिलाईवाली विचारते, "आजी, डोकं फार जड होतंय, डोळ्यांपुढे ठिपके येतात. तुम्हाला झालं होतं का?" मी सुनेला उत्तर सांगितलं: 'सुरुवातीचे दिवस जड जातात. विश्वास सोडू नकोस.' ती टाइप करायला इतका वेळ लावत होती की वाटलं कीबोर्डवर झोपली.

९ सप्टेंबर

खुर्चीवर नवीन गादी. दुकानात एकावर एक फुकट होती म्हणे. औषधाच्या दुकानात गाद्या केव्हापासून विकायला लागले, मी विचारलं नाही. पाठीला आराम पडला. त्याचे आभार मानले.

१२ नोव्हेंबर

पाच आठवडे शिलाईवालीची काही खबर नव्हती. आज तिच्या बहिणीचं आलं. मशीनवर बसल्या बसल्या पडली. उजवा हात उचलत नाही, तोंड एका बाजूला गेलंय, बोलणं अडखळतं. इस्पितळात आहे. बहीण लिहिते, "गोळ्या बंद केल्या होत्या हे आम्हाला डॉक्टरांनी विचारल्यावर कळलं. ती तुमचं फार नाव घेते."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१४ नोव्हेंबर

जेवण जात नाही. माझे सात शब्द. बोटांवर मोजले. 'सुरुवातीचे दिवस जड जातात. विश्वास सोडू नकोस.' डोकं जड होतं म्हणून सांगत होती बिचारी, आणि मी इथे गादीवर बसून तिला सात शब्द पाठवले. आणि ती ओळ, ती मीच काढायला लावली. हे कुणाला सांगू? खुर्चीत बसवत नाही. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसते.

सुनेला काय झालंय कळत नाही. आज तिच्या हातून दुधाचा कप फुटला. तोंड पांढरंफटक. अगं, पडली ती माझी बाई, माझ्यामुळे, तुझं त्यात काय? म्हटलं तसं. ती काचा गोळा करत राहिली, मान वर केली नाही.

२० नोव्हेंबर

इस्पितळात जाऊन आले. सून बरोबर आली, मी नको म्हटलं तरी. दोन बस बदलल्या.

मला वाटत होतं शिलाईवाली माझ्या वयाची असेल. पंचेचाळिशीची आहे. बोटांना सुया टोचून टोचून पडलेले घट्टे, आणि तो उजवा हात पांघरुणावर कुणी विसरून गेल्यासारखा पडलेला. मला बघून हसली, अर्ध्या तोंडाने.

"आजी... तुम्ही... एवढ्याशा?"

"मग काय, फोटोतला हत्ती वाटले होते?"

तिच्या बिछान्याची चादर एका कोपऱ्यात सुटली होती. मी खोचली. सत्तावीस वर्षांची खोड. खोचता खोचता म्हटलं, "गोळ्या घे बाई आता. डॉक्टर सांगतो त्या सगळ्या."

ती मान हलवायला लागली. नाही, नाही. मग हळूहळू एकेक शब्द काढून म्हणाली, "माझाच... विश्वास... कमी पडला. घरी गेले की... पुन्हा सोडणार. नीट ठेवीन... या वेळी."

मग तिने मला विचारलं, "तुम्ही... घेत नाही ना... अजून?"

काय सांगणार होते? नाही घेत. सहा महिने झाले. आणि ठणठणीत उभी आहे तिच्यासमोर, चादरी खोचत. मी नुसती तिथे उभी राहिले हेच तिला पुरावा. मागे वळून पाहिलं तर सून बाहेर निघून गेली होती. व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभी होती.

बहीण म्हणाली, पुढच्या आठवड्यात घरी सोडतील.

२१ नोव्हेंबर

एकच मार्ग दिसतो. मी गोळ्या पुन्हा सुरू करायच्या. म्हणजे तिला सांगता येईल, 'हो, घेते.' खोटं बोलून सांगता येतं, पण आता एक खोटंही पोटात ठरणार नाही. सुनेला कळायला नको, तिच्यासमोर नाक खाली करायचं म्हणजे जिवावर येतं.

बटणांचा डबा उपसला. आज एक घेतली. गेलेले दिवस भरून काढायला संध्याकाळी आणखी एक.

२३ नोव्हेंबर

सकाळी उठले तर भिंत कलली. मोरीत नळाला धरून उभी राहिले. बघा, मी म्हणत होते ना, या गोळ्याच वाईट. पण सोडणार नाही. शिलाईवालीला सोडतील तो दिवस येईपर्यंत पडले तरी गोळी तोंडात घेऊन पडीन.

संध्याकाळी दूध प्यायले आणि डोळ्यांपुढे अंधारी. सुनेने धरलं नसतं तर आपटले असते. "आई, काय होतंय? काय खाल्लंत?" मी म्हटलं, "तुझ्या दूधवाल्याला विचार."

२४ नोव्हेंबर, रविवार

आई, हे मी लिहितेय. तुमची सून.

तोंडाने सांगायला तीन वेळा खोलीत आले आणि परत गेले. म्हणून इथे.

बटणांचा डबा मी काढून घेतला आहे. त्या गोळ्या घेऊ नका. तुम्ही रोज रक्तदाबाची गोळी घेताच आहात. १४ मेपासून, दुधातून. खोकला त्या जुन्या गोळीने येत होता. तुम्ही सोडल्याचं कळल्यावर मी डॉक्टरांना जाऊन विचारलं, त्यांनी दुसरी लिहून दिली, कुटून दिली तर चालते म्हणाले. दूध त्यामुळे कडू लागतं. काल-परवा तुमच्या पोटात दोन्ही गेल्या. आज सकाळी डॉक्टरांशी बोलले. घाबरायचं कारण नाही, पण आज दिवसभर झोपून राहा.

कळलं कसं ते सांगते. मार्चमध्ये पहिल्या रविवारी टाइप करायला वही उघडली, ती उलटी उघडली गेली. खिडकीच्या कडीचं वाचलं. तेव्हाच बंद करायला हवी होती. नाही केली. तुम्ही मला टोमणे मारता पण कधी काही मागत नाही, आई. बावीस वर्षांत एकदाही नाही. इथे मागितलेलं दिसलं. मग दर रविवारी आधी मागची बाजू वाचायला लागले.

तो लेख टाकायला नको होता. थांबवायचा तर हे सगळं सांगावं लागलं असतं, आणि मला तुमच्या तोंडाची भीती वाटली. शिलाईवालीला मी वेगळं लिहिलं होतं, डॉक्टरकडे जा म्हणून. का ते लिहिलं नाही. तिचं उत्तर आलं, 'आजी तर असं काही म्हणत नाहीत.' मग मी गप्प बसले. तुम्ही तुमचे सात शब्द मोजता. माझ्याकडे मोजायला एकही नाही.

२७ नोव्हेंबर

तीन दिवस तिच्याशी बोलले नाही. ती ताट आणून ठेवते, नेते.

आज ही बाजू पहिल्यापासून वाचून काढली. बंद कपाट. जेलर. कीबोर्डवर झोपली. हे सगळं तिने वाचलं, आणि दर रविवारी बसून पुढच्या बाजूचं टाइप केलं, एक काना-मात्रा न चुकवता. 'बघा किती काळजी' हेही वाचलं. तेव्हा तिच्या पर्समध्ये माझ्या गोळीची पूड होती.

सुतार. साखर. गादी. मी सगळ्याबद्दल देवाचे आभार मानत होते. आठ महिने. आणि तो काही बोलला नाही की अगं बाई, मी नव्हे. फुकटचं श्रेय घेत बसला.

संताप उतरला तेव्हा हसायला आलं आणि हसून झाल्यावर काहीच आलं नाही. दमले.

२८ नोव्हेंबर

सुनेला हाक मारली. म्हटलं, "बस. लिहून घे." ती खुर्चीच्या कडेला टेकली, शाळेत उभं केल्यासारखी.

"मी सांगते तसं. 'मी गोळी सोडली नव्हती. सोडली असं मला वाटत होतं. माझी सून ती मला दुधातून देत होती. माझा रक्तदाब गोळीने बरा होता. डॉक्टर खरं बोलत होता आणि मी हसत होते.' लिहिलंस?"

"आई, लोक तुम्हाला..."

"लोक काय बोलतील ते मला ऐकू येतं, कान अजून शाबूत आहेत. पुढे लिही. 'शेवटची एक ओळ माझ्या सुनेने घातली होती, ती मी काढायला लावली. त्या ओळीची गरज असलेली बाई आज इस्पितळात आहे.' "

तिचे हात थांबले. मी म्हटलं, "आता त्या सात शब्दांचं." तर म्हणाली, "ते मी टाइप केले होते. माझंही नाव घाला."

"तुझं नाव घातलं तर माझी चूक अर्धी होईल. ती मला पुरी हवी." नाक शिंकरून तिने पुढचं लिहिलं.

मग आम्ही गेलो, शिलाईवालीकडे. तिला छापून नेलं. बहिणीने मोठ्याने वाचलं. वाचून झाल्यावर शिलाईवाली बराच वेळ माझ्याकडे न बघता सुनेकडे बघत होती. मग म्हणाली, "दुधातून?" आणि तिला हसू फुटलं, वाकडं, लाळ गळेपर्यंत. हसता हसता रडायला लागली. डावा हात उगारून माझ्या दंडावर एक चापट मारली. जोरात. निळं झालंय.

बरं झालं मारली.

३० डिसेंबर

वाचणारे निम्म्याहून कमी. 'फसवलंत' म्हणून चौसष्ट जणांनी लिहिलं. एकाने विचारलं, 'मग देव कुठे गेला?' एकाने सुनेला शिव्या दिल्या, त्याला मी माझ्या धुलाईघरातल्या भाषेत उत्तर सांगितलं. सुनेने ते टाइप केलं नाही. या वेळी मी भांडले नाही.

दूध बंद झालं. गोळी आता सून माझ्या तळहातावर ठेवते आणि मी तिच्यासमोर गिळते. तोंड उघडून दाखवते. मुलाने ते पाहिलं, म्हणाला, "हे काय चाललंय?" सून म्हणाली, "तपासणी."

२ फेब्रुवारी

शिलाईवालीचं आलं, किती दिवसांनी. एक शब्द. 'घेतली.' खाली बहिणीने लिहिलंय की डाव्या हाताने टाइप केलं, दहा मिनिटं लागली.

मी उत्तर सांगितलं, 'मी पण.'

१९ फेब्रुवारी

रोज सकाळी येतं. 'घेतली.' रोज जातं. 'मी पण.' देवाबद्दल आम्ही दोघी सध्या एवढंच बोलतो. हात तिचा अजून हलत नाही. हलेल असं डॉक्टर म्हणत नाही, हलणार नाही असंही म्हणत नाही. मी तिला काहीही सांगत नाही त्याबद्दल. शिकले तेवढं.

गुरुवारी जाते तिच्याकडे. ती डाव्या हाताने सरळ टीप मारायला शिकतेय, मी कापड ओढून धरते आणि शिवलेलं इस्त्री करते. टीप वाकडी येते. वाकडी आली की वाकडी म्हणते.

९ मार्च

वर्ष झालं. नात म्हणाली, सगळे असं करतात, वर्ष झालं की आभाराचा लेख लिहायचा. मी म्हटलं, आभार मानण्यासारखं वर्ष होतं का हे? तरी लिहिला. पुढच्या बाजूला आहे, पण इथेही उतरवते, कारण मागच्या बाजूचं नेमकं कोण वाचतं ते आता मला माहीत आहे.

'वर्षभर वाचलंत. जे सोडून गेलात ते बरोबर गेलात. जे राहिलात त्यांनी माझं वाचून काही सोडू नये आणि काही धरूही नये. ज्यांनी विचारलं देव कुठे गेला, त्यांना सांगते, मला ठाऊक नाही. मी खुर्चीत पुन्हा बसते. तो बोलत नाही, पूर्वीही बोलत नव्हता. मी मागितलं त्याच्याकडे आणि ऐकलं माझ्या सुनेने. मधे काय झालं ते त्या दोघांचं त्यांनी बघावं, मी थकले आहे. आभार शिलाईवालीचे, तिने मला मारलं. आभार त्या सुताराचे, तो खोटं नीट बोलला. आणखी एकीचे आहेत, ते ब्लॉगवर मांडणार नाही.'

सुनेने टाइप केलं. शेवटची ओळ आली तेव्हा विचारलं, "हे असंच ठेवू?" म्हटलं, "माझं नाव असलेल्या लेखात माझेच शब्द." तिने खाली एक ओळ घातली, औषधाच्या डबीवरची. मला दाखवली. मी म्हटलं, "जाड अक्षरात कर."

तोंडावर तिला काही बोलले नाही. जमत नाही मला, आणि या वयात शिकून कुणाला दाखवायचं आहे.

खुर्चीचा मागचा डावा पाय डुगडुगतो. चहात साखर आता फारच कमी झालीय, एवढी कमीही नको. सुतार बोलावला तर तोच बोलवावा, शिट्टी सहन करीन. मी कुणाकडे काही मागत नाहीये. नुसतं लिहून ठेवते.

घाई नाही. रविवारपर्यंत चालेल.